दहा हजारवाल्या छोट्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स कसं टाकायचं: ३२ बिट यूईएफआयच्या अडचणीसकट सगळं

२०१५-१६ च्या सुमारास आपल्याकडे छोट्या स्वस्त लॅपटॉपची लाटच आली होती, आयबॉल कॉम्पबुक एक्सलन्स ९,९९९ रुपयांना मिळायचा, मायक्रोमॅक्सचे कॅनव्हास लॅपटॅब आणि लॅपबुक होते, लेनोवोचा आयडियापॅड १००एस, असुसचा ईबुक एक्स२०५टीए. बहुतेकांच्या पोटात एकच माल, इंटेलचा अ‍ॅटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवणुकीची चिप). अजूनही कित्येक घरांत हे लॅपटॉप कपाटात पडून आहेत, चालू होतात, स्क्रीन चांगली आहे, कीबोर्ड चांगला आहे, पण विंडोज १० ने ती ३२ जीबी इतकी भरून टाकलीय की अपडेट उतरवायलाही जागा नाही. आणि आता विंडोज १० चा सपोर्टच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे तो रस्ता बंदच समजा. रॅम वाढवू म्हणाल तर ती बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि हा प्रोसेसर मुळात २ जीबीच्या वर घेतच नाही.

मग लोक काय करतात, लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवतात, लावतात, आणि बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसतच नाही. दुसरा पेनड्राइव्ह घेतात, दुसरं लिनक्स घेतात, तरी तेच. शेवटी "या लॅपटॉपवर लिनक्स चालत नाही" असं ठरवून मोकळे होतात. तर चालतं, व्यवस्थित चालतं, फक्त एक गोष्ट आधी समजून घ्यायला पाहिजे आणि ती समजली की बाकीचं काम एका दुपारचं आहे.

अडचण नेमकी कुठे आहे

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट असं उघडा. तिथे सिस्टम टाइपपुढे "३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर" असं लिहिलेलं असेल तर तुमचा लॅपटॉप याच जातीचा. प्रोसेसर ६४ बिट आहे, पण आतलं फर्मवेअर म्हणजे ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो ते यूईएफआय ३२ बिटचं आहे. विंडोजला फर्मवेअर आणि सिस्टिम दोन्ही एकाच बिटचे लागतात, आणि कमी रॅम-कमी जागेत ३२ बिट विंडोज बसवायचं होतं म्हणून फर्मवेअरही ३२ बिटचंच टाकून दिलं. लेगसी बूट, सीएसएम वगैरे जुना पर्याय या मशीनमध्ये बहुधा नसतोच.

आता यूईएफआय पेनड्राइव्हवर काय शोधतं तर ईएफआय नावाच्या फोल्डरात बूट नावाचा फोल्डर आणि त्यात एक ठरावीक नावाची फाइल. ६४ बिट फर्मवेअर बूटएक्स६४ डॉट ईएफआय शोधतं, ३२ बिट फर्मवेअर बूटआयए३२ डॉट ईएफआय शोधतं. उबुंटूसारख्या लिनक्सच्या ६४ बिट आयएसओत (ज्यावरून पेनड्राइव्ह बनवतात ती डाउनलोड फाइल) ही दुसरी फाइल सहसा नसते, म्हणून पेनड्राइव्ह लावूनही मशीनच्या दृष्टीने तो रिकामाच. पेनड्राइव्ह खराब नाही, मशीनही खराब नाही, एक फाइल नाहीये एवढंच.

लिनक्स कर्नलला (सिस्टिमचा गाभा) मात्र अशा जोडीचं काही वाटत नाही. ३.१५ या व्हर्जनपासून, म्हणजे २०१४ पासून, ६४ बिट कर्नल ३२ बिट यूईएफआयवरून सुरू होऊ शकतो, याला मिक्स्ड मोड म्हणतात. त्यामुळे "३२ बिट विंडोज होतं म्हणजे ३२ बिट लिनक्स शोधा" हा सल्ला मनावर घेऊ नका. ३२ बिटचं सॉफ्टवेअर दिवसेंदिवस कमी होत चाललंय, डेबियन १३ ने तर ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. प्रोसेसर ६४ बिटचा आहे तर ६४ बिटचंच टाका.

डेबियनच का

इंटरनेटवर एक युक्ती सगळीकडे सापडेल, कुठल्याही लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवा आणि ती बूटआयए३२ फाइल कुठूनतरी डाउनलोड करून त्यात टाका. पेनड्राइव्ह त्याने सुरू होतो हे खरं. पण पुढे इन्स्टॉलर आपल्या सवयीने ६४ बिटचा ग्रब बूटलोडर (मशीन चालू होताच लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) टाकतो आणि रीस्टार्ट केल्यावर मशीन थेट बायोसमध्ये जाऊन उभं राहतं, मग टर्मिनलमधून क्रूट वगैरे खटाटोप करून ग्रब परत बसवत बसा. शिवाय कुणाच्यातरी लिंकवरून आणलेली बूट फाइल आपल्या मशीनमध्ये घालणं मला तरी पटत नाही.

डेबियनचा इन्स्टॉलर स्वतः तपासतो की फर्मवेअर ३२ बिटचं आहे का ६४ चं, आणि ३२ असेल तर ग्रब-ईएफआय-आयए३२ हे पॅकेज टाकतो. तुम्हाला काही करावं लागत नाही. फेडोरानेही २७ व्या आवृत्तीपासून ही सोय दिलीय, पण २ जीबी रॅमवर फेडोराचा नेहमीचा डेस्कटॉप जड जातो. दुसरं म्हणजे डेबियन १२ पासून वायफायचे वगैरे नॉन-फ्री फर्मवेअर (इथे त्या चिपना लागणाऱ्या कंपनीच्या फाइल्स) इन्स्टॉलरमध्येच येतात, पूर्वी ते वेगळे शोधायला लागायचे आणि तिथेच अर्धे लोक कंटाळून सोडायचे. सध्या डेबियन १३ ट्रिक्सी घ्या, ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय.

पुसण्याआधी

३२ जीबीत विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायच्या फंदात पडू नका, दोघांचेही हाल होतात. विंडोज पुसायचं ठरवूनच बसा, पण परतीचा रस्ता ठेवून.

फोटो, कागदपत्रं बाहेर काढा हे सांगायला नको. त्याशिवाय दोन कामं. एक, स्टार्टमध्ये "रिकव्हरी ड्राइव्ह" असं टाइप करा, ते टूल उघडेल, त्यात सिस्टम फाइल्सची टिक ठेवून १६ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर रिकव्हरी बनवा. दोन, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर इथला फाइलरिपॉझिटरी हा फोल्डर अख्खा कॉपी करून ठेवा. या मशीनचे ड्रायव्हर आज वेबसाइटवर सापडतीलच याची काही खात्री नाही, काही ब्रँड तर बाजारातूनच गेले, आणि टचपॅड किंवा आवाजाचा ड्रायव्हर नसेल तर उद्या विंडोज परत टाकूनही उपयोग होत नाही. विंडोजच्या कीची काळजी नको, ती फर्मवेअरमध्येच असते, परत टाकलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

सामान असं घ्या: ४ जीबी किंवा वरचा एक पेनड्राइव्ह, यूएसबीचा माऊस, फोनची डेटा केबल, आणि जमलं तर एक यूएसबी हब. या लॅपटॉपला दोनच यूएसबी पोर्ट असतात, एकात पेनड्राइव्ह, दुसऱ्यात फोन, मग माऊस कुठे लावणार म्हणून हब. चार्जर लावूनच काम करा. आणि चार्जरचं एक नक्की बघा, यातल्या बऱ्याच मशीनना बारीक पिनचा ५ व्होल्टचा चार्जर असतो, काहींना १२ व्होल्टचा, पिन सारखीच बसते म्हणून राउटरचा १२ व्होल्टवाला ५ व्होल्टच्या मशीनला लावला तर बोर्ड गेला. मूळ अ‍ॅडॉप्टरवर छापलेलं वाचा.

पेनड्राइव्ह बनवणं

डेबियनच्या साइटवरून ६४ बिट पीसीची नेटइन्स्ट आयएसओ (छोटी, बाकीचं इन्स्टॉल करताना नेटवरून उतरवणारी) घ्या, नावात एएमडी६४ असेल, इंटेलचा प्रोसेसर असला तरी हीच. साइज एक जीबीच्या आत आहे. डाउनलोड झाल्यावर विंडोजमध्ये त्या आयएसओवर राइट क्लिक करून माउंट करा आणि ईएफआय, बूट हा फोल्डर उघडून बघा, त्यात बूटआयए३२ डॉट ईएफआय दिसली पाहिजे. दिसली की निम्मी लढाई जिंकलात. दुसरं कुठलं लिनक्स टाकायचं मनात असेल तरी हाच तपास आधी करा, पेनड्राइव्ह बनवायच्या आधीच कळतं.

मग रुफस हे पेनड्राइव्ह बनवायचं टूल उघडा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा, तो विचारेल आयएसओ मोड की डीडी मोड, डीडी निवडा. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यावर काही ठेवू नका.

बायोसमध्ये काय बदलायचं आणि काय नाही

बायोसमध्ये जायची किल्ली प्रत्येकाची वेगळी, कुठे डिलीट, कुठे एस्केप, कुठे एफ२, आणि बूट मेनूसाठी बऱ्याच ठिकाणी एफ७ चालते. किल्ल्या दाबत बसण्यापेक्षा खात्रीचा मार्ग विंडोजमधूनच आहे: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळा स्क्रीन येईल, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. थेट बायोसमध्ये पोचता.

तिथे सिक्युरिटी टॅबमध्ये सिक्युअर बूट डिसेबल करा, फास्ट बूट दिसलं तर तेही बंद करा, बूट टॅबमध्ये पेनड्राइव्ह वर घ्या. झालं, सेव्ह करून बाहेर. या मशीनच्या बायोसमध्ये बऱ्याचदा कारखान्यातले सगळे पर्याय उघडेच ठेवलेले असतात, चिपसेट, पॉवर, पॅनेल, व्होल्टेज काय काय. त्यांना हात लावायचा नाही. पॅनेलचा एखादा पर्याय चुकीचा झाला तर स्क्रीन काळी आणि मग परत बायोसमध्ये जायलाही काही दिसत नाही. काहींत विंडोज की अँड्रॉइड असाही पर्याय असतो, तो विंडोजवरच राहू द्या, अँड्रॉइड केलं तर टचस्क्रीन, सेन्सर वगैरे गायब होऊ शकतात.

इन्स्टॉलेशन

पेनड्राइव्हवरून सुरू झालं की डेबियनचा मेनू येतो. टचपॅड चालत असेल किंवा माऊस लावला असेल तर ग्राफिकल इन्स्टॉल घ्या, नाहीतर नुसतं इन्स्टॉल, दोन्हीत प्रश्न तेच आहेत आणि कीबोर्डवर सगळं होतं.

भाषा. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे आणि बघायला छान वाटतं, पण मी इंग्रजीच सुचवेन, कारण पुढे काही एरर आली तर ती शोधायला इंग्रजीतली सोपी पडते, आणि मराठी डेस्कटॉप नंतर कधीही करता येतो. देश इंडिया. कीबोर्ड मात्र काही झालं तरी अमेरिकन इंग्लिशच ठेवा. इथे मराठी किंवा इंडियन कीबोर्ड घेतलात तर पासवर्ड नेमका कुठल्या लिपीत टाइप झाला हे कळत नाही, आणि पहिल्याच लॉगिनला अडकून बसता.

नेटवर्क. रिअलटेक ८७२३बीएस ही वायफाय चिप यातल्या बऱ्याच मशीनमध्ये असते आणि ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालते. तुमच्या राउटरचं किंवा फोनच्या हॉटस्पॉटचं नाव यादीत दिसत नसेल तर आधी बघा की ते ५ गिगाहर्ट्झवर तर नाही, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदलता येतो. वायफाय दिसलंच नाही तर फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, इन्स्टॉलर त्याला साधं लॅन समजून घेतो. मी तर म्हणेन सुरुवातीपासून टेदरिंगच वापरा, मधेच वायफाय तुटायची कटकट नाही. एक-दोन जीबी डेटा जाईल असं धरून चला.

रूट पासवर्ड विचारतो तिथे काहीही न लिहिता पुढे जा. असं केलं की तुम्ही जो युजर बनवाल त्यालाच सुडोचे, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करायचे, अधिकार मिळतात, दोन दोन पासवर्ड लक्षात ठेवायला नकोत.

आता पार्टिशन, इथे घाई करायची नाही. गाइडेड, यूज एंटायर डिस्क घ्या, मग डिस्कची यादी येते. ईएमएमसीचं नाव एमएमसीबीएलके आणि पुढे ० किंवा १ असा आकडा, असं असतं, पेनड्राइव्ह असतो एसडीए. मेमरी कार्ड स्लॉटमध्ये असेल तर तेही एमएमसीबीएलके या नावानेच दिसतं, म्हणून कार्ड आधीच काढून ठेवा आणि साइज बघून निवडा, ३१ जीबीच्या आसपास असेल ती आतली डिस्क. त्याच नावाला बूट० आणि बूट१ चिकटलेली आणखी दोन, काही एमबींची छोटी नावं दिसू शकतात, ती ईएमएमसीचे स्वतःचे भाग आहेत, त्यांना निवडायचं नाही. पुढे "सगळ्या फाइल्स एका पार्टिशनमध्ये" हा पर्याय घ्या, ३२ जीबीत वेगळं होम (आपल्या फाइल्सचं पार्टिशन) करून काही मिळत नाही, उलट एकीकडे जागा उरते आणि दुसरीकडे संपते. थोडी स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, तो स्वतः बनवतो, राहू द्या. बदल लिहू का असं विचारतो आणि तिथे आधीच "नाही" वर खूण असते, एकदा डिस्कचं नाव परत वाचा आणि मग "हो" करा. यानंतर विंडोज गेलं.

मग बेस सिस्टिम बसते, ईएमएमसी हळू असते त्यामुळे वेळ लागतो, एका जागी अडकल्यासारखं वाटलं तरी थांबा. मिररमध्ये, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरवायची त्या सर्व्हरच्या यादीत, इंडिया आणि पहिलाच पत्ता.

सॉफ्टवेअर निवडायच्या पानावर ग्नोम या जड डेस्कटॉपवर टिक असते, ती काढा. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपपैकी एक निवडा. २ जीबीवर दोन्ही चालतात, मी एक्सएफसीई म्हणेन कारण सगळ्या सेटिंग्ज एका खिडकीत मिळतात आणि विंडोजवरून येणाऱ्या माणसाला पटकन सवय होते. सर्वात जास्त वेळ इथेच जातो, नेटच्या स्पीडवर आहे.

शेवटी ग्रब टाकतो, पेनड्राइव्ह काढा म्हणतो, रीस्टार्ट.

रीस्टार्टनंतर परत बायोसच आलं तर

असं होतं बऱ्याच जणांचं आणि लोक घाबरतात, सगळं परत पुसून पहिल्यापासून करतात, त्याची गरज नाही. या स्वस्त फर्मवेअरना बूटची नवी नोंद लक्षात ठेवता येत नाही, विंडोजचा बूट मॅनेजर नाहीतर ती ठरावीक जागेवरची बूटआयए३२ एवढंच ती ओळखतात. मग ग्रबलाच त्या जागेवर बसवायचं.

पेनड्राइव्ह परत लावा, मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रेस्क्यू मोड घ्या. तो परत भाषा, कीबोर्ड वगैरे विचारेल, डिस्कवर काही लिहीत नाही. रूट फाइलसिस्टिम कुठली असं विचारलं की ईएमएमसीचं मोठं पार्टिशन द्या, बहुतेक वेळा पी२, पहिलं पी१ हे ईएफआयचं असतं. ईएफआय पार्टिशनही माउंट करू का विचारलं तर हो. पुढच्या यादीत "फोर्स ग्रब इन्स्टॉलेशन टु द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ" अशी एक ओळ आहे, ती निवडा. काही सेकंदांचं काम, रीस्टार्ट करा, डेबियन उभं राहतं.

आत गेल्यावर हे कायमचं करून ठेवा, नाहीतर पुढे ग्रबचा अपडेट आला की जुनी फाइल तशीच राहून गोंधळ होऊ शकतो. टर्मिनलमध्ये सुडो, डीपीकेजी-रीकॉन्फिगर, ग्रब-ईएफआय-आयए३२ अशी कमांड द्या, अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत, आणि रिमूव्हेबल मीडिया पाथवरही टाकू का या प्रश्नाला हो म्हणा.

सुरू झाल्यावरची कामं

आधी सगळे अपडेट घ्या. मग सिनॅप्टिक उघडा, ते पॅकेज शोधून टिक करून टाकायचं टूल आहे, पुढचं बहुतेक त्यातूनच होतं.

पहिलं झेडरॅम-टूल्स. याने रॅमचाच एक भाग दाबून ठेवलेली स्वॅप म्हणून वापरला जातो आणि २ जीबीच्या मशीनवर यासारखा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. टाकल्यावर ईटीसी, डीफॉल्ट या फोल्डरातली झेडरॅमस्वॅप ही फाइल सुडोने उघडा, पर्सेंटच्या ओळीपुढचं हॅश काढून ५० ठेवा, अल्गोच्या ओळीपुढचंही हॅश काढून तिथे झेडएसटीडी लिहा आणि रीस्टार्ट. डिस्कवरची स्वॅप मग क्वचितच वापरली जाते आणि ईएमएमसीची झीजही वाचते.

आवाज. इथे लोकांना सगळ्यात जास्त त्रास होतो. बे ट्रेल (या प्रोसेसरच्या पिढीचं नाव) मशीनमध्ये नेहमीचं एचडी ऑडिओ नसून वेगळा कोडेक (आवाजाची चिप) असतो, रिअलटेकचा ५६४० किंवा एव्हरेस्टचा ८३१६ अशा नावांचा. त्यासाठी सिनॅप्टिकमध्ये फर्मवेअर-इंटेल-साउंड आणि अल्सा-यूसीएम-कॉन्फ ही दोन पॅकेजेस आहेत का बघा, नसतील तर टाका, पूर्ण बंद करून चालू करा. नंतर पाव्हूकंट्रोल हे आवाजाच्या सेटिंगचं टूल उघडून आउटपुटमध्ये स्पीकर निवडलाय का ते बघा, कारण एचडीएमआयचं साउंडकार्ड वेगळं दिसतं आणि कधीकधी आवाज तिकडे जात असतो. आवाज येत नाही म्हणून अल्सामिक्सरमध्ये जाऊन दिसेल तो स्विच ऑन आणि दिसेल तो दांडा फुल असं करू नका, छोट्या स्पीकरचं नुकसान होऊ शकतं.

वायफाय सारखं तुटतंय असं वाटलं तर पॉवर सेव्हिंग बंद करा. ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, कॉन्फ डॉट डी या फोल्डरात डॉट कॉन्फ शेवट असलेली नवीन फाइल करा, पहिल्या ओळीत चौकोनी कंसात कनेक्शन, दुसऱ्या ओळीत वायफाय डॉट पॉवरसेव्ह बरोबर २. असुस एक्स२०५ मध्ये ब्रॉडकॉमची चिप आहे, तिला पूर्वी फर्मवेअरमधून एनव्हीरॅमची फाइल हाताने कॉपी करून द्यावी लागायची, इंटरनेटवर अजून त्याच पायऱ्या सापडतात, पण ५.० नंतरचे कर्नल ती स्वतः वाचतात, तुम्ही डेबियन १३ टाकलं असेल तर ते वाचत बसू नका.

मशीन मधेच पूर्ण गोठतं, माऊसही हलत नाही, पॉवर बटण दाबून धरावं लागतं, हा बे ट्रेलचा जुना प्रसिद्ध आजार. प्रोसेसर खोल झोपेत जातो तेव्हा हे व्हायचं. नव्या कर्नलमध्ये बराच कमी झालाय, आणि इथे हान्स द गूडे या माणसाचं नाव घेतलंच पाहिजे, रेड हॅटमध्ये असताना त्याने बे ट्रेल आणि त्याच्या पुढच्या पिढीच्या चेरी ट्रेलच्या असल्या कितीतरी दुरुस्त्या कर्नलमध्ये घातल्या, बॅटरी, चार्जिंग, आवाज, टचस्क्रीन सगळीकडे त्याचा हात आहे. ज्या मशीनकडे सगळ्यांनी पाठ फिरवली ती आज चालतात त्यात त्याचा मोठा वाटा आहे. तरीही तुमचं गोठत असेल तर ग्रबचा मेनू दिसला की ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून इंटेल अंडरस्कोर आयडल डॉट मॅक्स अंडरस्कोर सीस्टेट बरोबर १ असं इंग्रजीत लिहा आणि एफ१० दाबा. हे एकाच वेळेपुरतं असतं. दिवसभर वापरून गोठलं नाही तर ईटीसी, डीफॉल्टमधल्या ग्रब फाइलमध्ये क्वाएट शब्दापुढे तेच लिहून सुडो अपडेट-ग्रब करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, म्हणून गरज नसताना घालू नका.

ब्राइटनेस कमी-जास्त होत नसेल तर ईटीसी, इनिटरॅमएफएस-टूल्समधल्या मॉड्यूल्स या फाइलच्या शेवटी दोन ओळी घाला, पीडब्ल्यूएम-एलपीएसएस आणि पीडब्ल्यूएम-एलपीएसएस-प्लॅटफॉर्म, मग सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस, मधे जागा सोडून वजा यू. डिस्प्लेचा ड्रायव्हर लवकर चढतो आणि त्याला ब्राइटनेसवाला सापडत नाही, या दोन ओळींमुळे ब्राइटनेसवाला आधी चढतो.

टचपॅडवर टॅप करून क्लिक होत नाही हे बिघाड नाही, माऊस अँड टचपॅड सेटिंगमध्ये टॅपची टिक करा. लॅपटॅबसारख्या टॅबलेटवजा मशीनवर स्क्रीन आडवी झालेली दिसली तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रोटेशन आहे.

मराठी टायपिंग. सिनॅप्टिकमधून फॉन्ट्स-देवा टाका, लोहितसकट देवनागरी फॉन्ट येतात. कीबोर्ड सेटिंगच्या लेआउट टॅबमध्ये सिस्टम डीफॉल्टची टिक काढून इंडियनखाली मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि बदलायची किल्ली ठरवा. हा मार्ग रॅम अजिबात खात नाही. इनस्क्रिप्ट येत नसेल आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि आयबस-एम१७एन टाका, त्यात मराठी फोनेटिक मिळतं.

वापरताना

ब्राउझर हाच सगळ्यात मोठा खादाड. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका, जाहिराती गेल्या की पान हलकं होतं, आणि चार-पाच टॅबच्या वर जाऊ नका. यूट्यूब अडखळतं त्याचं कारण असं की ते व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारांत व्हिडिओ पाठवतं आणि या चिपला हार्डवेअरवर ते उलगडता येत नाही, एच.२६४ मात्र उलगडता येतं. म्हणून एन्हान्स्ड-एच२६४इफाय हे अ‍ॅड-ऑन टाका, सिनॅप्टिकमधून आय९६५-व्हीए-ड्रायव्हर आहे का बघा, आणि ७२० पीवर ठेवा, एवढ्या स्क्रीनला १०८० लागतही नाही. लिब्रेऑफिस, पीडीएफ, ऑनलाइन फॉर्म, मेल, अभ्यासाचे व्हिडिओ यासाठी मशीन छान आहे. व्हिडिओ कॉल आणि जड वेबसाइट एकत्र चालवायला जाऊ नका.

कॅमेरा चालेल की नाही हे तुमच्या मशीनवर अवलंबून आहे, आतून यूएसबीला जोडलेला असेल तर पहिल्या दिवसापासून चालतो, प्रोसेसरच्या इमेज प्रोसेसरला जोडलेला असेल तर चालेल असं समजू नका, त्यावर वेळ घालवण्यापेक्षा साधा यूएसबी वेबकॅम घ्या. ब्लूटूथ बहुतेकांत चालतं.

झाकण मिटून ठेवायची सवय असेल तर एक लक्षात ठेवा, या मशीनची झोप हलकी असते, रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी बॅटरी बरीच उतरलेली असते. पॉवर मॅनेजरमध्ये झाकण मिटल्यावर शटडाउन लावा.

महिन्यातून एकदा टर्मिनलमध्ये सुडो अ‍ॅप्ट क्लीन दिलं की डाउनलोड केलेली जुनी पॅकेजेस निघून जातात, आणि सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्हने जुने कर्नल. मोठ्या फाइल्ससाठी मेमरी कार्ड कायम स्लॉटमध्ये ठेवा, ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून, म्हणजे आतली डिस्क निवांत राहते.